कानात सोनं, हातात पितळ

आमच्या वन्सं कोल्हापूरच्या. एका सहकारी बँकेत त्यांची सगळी नोकरी झाली आणि त्यातला मोठा काळ सोनेतारणाच्या टेबलावर गेला. दुसऱ्या बाईच्या गळ्यातलं सोनं तराजूत ठेवायचं, त्यातले खडे, मोती, लाख वजा करायची आणि उरेल त्या वजनावर कर्जाचे कागद करायचे, हे त्यांचं काम. अशा बाईसमोरून माझी लेक बुधवारी सकाळी ऑफिसला निघाली. विटकरी रंगाचा खादीचा कुर्ता, खाली जीन्स. गळ्यात काळपट चांदीची बोटभर जाड हासळी. उजव्या हातात पितळ आणि तांबं जोडून केलेलं चार बोटं रुंद कडं, डाव्या हातात स्टीलचं घड्याळ. आणि कानात तिच्या आजीच्या मोत्याच्या कुड्या, सोन्यात बांधलेल्या.

वन्संनी चहाची बशी खाली ठेवली. त्या सकाळी जे सुरू झालं ते त्या पुण्याला आमच्याकडे होत्या तोवर जेवताना, भाजी निवडताना, टीव्हीच्या जाहिरातींच्या मध्ये चालूच राहिलं. मी ते सलग करून लिहिते आहे. माझी लुडबुड कंसात आहे.

वन्सं : आज ऑफिसात काही आहे का? कुणाचा सत्कारबित्कार?

लेक : काही नाही गं आत्या. बुधवार आहे.

वन्सं : बुधवारसाठी एवढं? मग दिवाळीला काय, देवळातली घंटा बांधणार गळ्यात?

लेक : दिवाळीला कदाचित नुसत्या कुड्या घालेन.

वन्सं : ठसठशीत घालायला माझी ना नाही. पण एक काहीतरी धर. सोनं तर सोनं, चांदी तर चांदी. हे म्हणजे मोडीच्या दुकानात हात घालून येईल ते उचलल्यासारखं दिसतंय.

लेक : तू स्वतःकडे बघ की. गळ्यात सोन्याचं मंगळसूत्र, त्यात काचेचे काळे मणी. हातात सोन्याची पाटली, तिच्या मागेपुढे हिरव्या काचेच्या बांगड्या. पायात चांदीची जोडवी. आणि बोटात पंचधातूची अंगठी. पाच धातू तर तुझ्या एका बोटात आहेत.

वन्सं : त्याला मिसळणं म्हणत नाहीत. ज्याची त्याची जागा ठरलेली आहे. कमरेच्या वर सोनं, खाली चांदी. सोनं म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालत नाहीत. म्हणून पैंजण चांदीचे, जोडवी चांदीची, बाळाचे वाळे चांदीचे. यात गोंधळ कुठे आहे? उलट डोळे मिटून सांगता येईल कुठे काय असणार ते.

लेक : राजपुतान्यात दरबाराने मान दिला की पायात सोनं घालता यायचं. म्हणजे लक्ष्मीची हरकत नव्हतीच. कुणाच्या पायात, एवढाच प्रश्न होता.

वन्सं : राजाचे नियम राजाला.

लेक : तेच म्हणतेय. नियम कुणीतरी केलेले आहेत. बरं, बाबांचं घड्याळ बघ. पट्ट्याच्या मधल्या कड्या सोनेरी, कडेच्या स्टीलच्या. इतकी वर्षं लग्नामुंजीत मिरवलं त्यांनी ते. कुणी म्हणालं का, भावोजी, एक काहीतरी धरा? रोलेक्सने तर पोलाद आणि सोनं एकत्र करून त्या जोडीला १९३३ साली वेगळं नावच नोंदवून घेतलं. पुरुषाच्या मनगटावर तो रुबाब आणि माझ्या मनगटावर मोड?

वन्सं : घड्याळ हे यंत्र आहे.

लेक : मग ते सोनेरी कशाला करायचं?

(यांचं घड्याळ मीच पसंत केलं होतं. दुकानदाराने सांगितलं होतं की हे सोन्याच्या अंगठीबरोबरही जातं आणि स्टीलच्या चष्म्याबरोबरही. मला ते पटलं होतं. म्हणून मी इथे काही बोलले नाही.)

लेक : पॅरिसच्या कार्टियरची ती अंगठी बघ, १९२४ सालची. एकात एक अडकवलेली तीन कडी. पांढरं, पिवळं, गुलाबी. शंभर वर्षं झाली, अजून विकतात.

वन्सं : आज विकतात ती तिन्ही सोन्याचीच असतात. रंग तीन, धातू एक. माझ्यासमोर सोन्याची उदाहरणं देऊ नकोस.

लेक : गुलाबी रंग कशाने येतो मग? तांब्यानेच ना? तुझी पाटली बावीस कॅरेटची, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. उरलेले ८४ भाग तांबं आणि चांदी. माझी हासळी ९२५ ची, त्यातही बाकीचं बहुतेक तांबंच. तांबं तुझ्याही हातात आहे आणि माझ्याही. तुझं दिसत नाही, माझं दिसतं.

वन्सं : ते ८४ भाग सोन्याला उभं ठेवायला घातलेले असतात. चोवीस कॅरेटची पाटली केलीस तर दाराच्या कडीला लागून वाकडी होईल. ती गरज आहे, नटणं नव्हे. आणि तांबं किती घालायचं यावरून या देशात काय काय झालंय ते तुला माहीत नाही. चीनचं युद्ध झालं आणि १९६३ च्या जानेवारीत मोरारजींनी सुवर्णनियंत्रण आणलं. नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर करायचा नाही. सोनारांच्या हातचं काम गेलं. चौदा कॅरेटला लोकांनी नाकं मुरडली. ती अट काही वर्षांनी उठली, पण १९६८ चा नियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत होता. आमच्या आईने त्या काळात जुना डाग मोडून नवा केला नाही तो या भीतीने, की हातातलं चोख जाईल आणि परत भलतंच येईल.

लेक : चौदा कॅरेट दिसायला वाईट असतं का गं?

वन्सं : दिसायला चांगलं असतं. टिकायलाही जास्त.

लेक : मग नाकं का मुरडली?

वन्सं : मोडताना पैसे कमी येतात म्हणून.

लेक : झालं तर.

वन्सं : काय झालं? तुला वाटतं तो लोभ होता. माझ्या टेबलासमोर ये आणि बघ. मृग जवळ आला की बियाणाला पैसे लागायचे, आणि लगेच पोरांच्या शाळेच्या फिया. बाई यायची, नवरा मागे उभा. ती मान वाकवून ठुशीचा गोंडा सैल करायची, आणि ठुशी निघाली की गळ्यावर तेवढी जागा फिकट दिसायची. उन्हाने बाकीची मान रापलेली, ठुशीखालची तेवढी नाही. मी वजन करायची, आमचे सराफ कसाच्या दगडावर रेघ ओढून बघायचे, आणि मग ती डबी चिठ्ठी लावून तिजोरीत. सुगी झाली की तीच बाई परत यायची, चिठ्ठी पुढे करायची आणि तिथेच माझ्यासमोर ठुशी गळ्यात घालायची. घरी जाईपर्यंत धीर नसायचा. हा दागिना. त्याच्या जिवावर घर उभं राहायचं. तुझं हे कडं माझ्या टेबलावर ठेवलं असतंस तर शिपाईसुद्धा हसला असता.

(यावर लेक लगेच बोलली नाही. त्या फिकट जागेचं मलाही माहीत नव्हतं.)

लेक : तुझं खरं आहे, आत्या. पण ती बाई दागिना म्हणून किती दिवस घालायची तो? माझ्या कड्यावर बँकेचा डोळा नाही, चोराचा नाही, सासरचाही नसेल. मी ते घालून गर्दीत उभी राहते तेव्हा हाताने झाकत नाही. तू स्वारगेटला उतरलीस तेव्हा पदर पिनने गळ्याशी घट्ट लावलेला होता. आणि आत कोणतं मंगळसूत्र होतं?

वन्सं : प्रवासातलं.

लेक : म्हणजे?

वन्सं : एक ग्रॅमवालं.

लेक : म्हणजे तांब्यापितळेवर सोन्याचं पाणी. आणि माझ्या कड्याला तू खोटं म्हणतेस! हे पितळ आहे आणि पितळच दिसतंय. तुझं मंगळसूत्र सोनं असल्याचं सोंग करतंय.

(वन्सं हसल्या. माझ्या मते इथे लेकीने बाजी मारली. धातू एकत्र घालणं आपल्याकडे नवं नाही, ते वन्संच्या अंगावरूनच दिसत होतं. नवं आहे ते हे, की एखादा दागिना मोडीत किती येईल हे न विचारता अंगावर चढतो. आणि त्यालाही कारण भावच आहे. २०२५ साली दहा ग्रॅम सोनं एक लाखाच्या पुढे गेलं. चार बोटं रुंद कडं सोन्यात करायचं तर नोकरदार मुलीने काय विकावं? सोन्यात तिला कानातलं परवडतं, फार तर केसासारखी साखळी. मोठं, जड, हाताला जाणवेल असं काही हवं असेल तर पितळ, तांबं, चांदी यांच्याकडेच जावं लागतं. मोठ्या दागिन्याची हौस मात्र जुनीच. कार्ल्याच्या लेण्यात दाराशी ज्या जोड्या कोरल्या आहेत, त्यांतल्या बायकांच्या पायातले वाळे पाहावेत. हे मी मोठ्याने म्हणाले तर वन्सं म्हणाल्या, “त्यांना लोकल पकडायची नव्हती.”)

वन्सं : कड्याचं राहू दे. ही हासळी कुठली?

लेक : प्रदर्शनात घेतली. ट्रायबल डिझाइन आहे.

वन्सं : कुठल्या ट्राइबचं?

लेक : ते नाही विचारलं.

वन्सं : विचारायचं. आमच्याकडे रस्त्याच्या कामाला तांड्यावरच्या बायका यायच्या. कानाशी घुगरी-टोपली, गळ्यात हासळी, दंडापर्यंत बलिया. खडी फोडताना ते सगळं वाजायचं. लोक थांबून बघायचे, आणि ते कौतुकाने नव्हे. आता त्यांच्या मुली कॉलेजात जातात. त्यातली एक आमच्याच शाखेत लागली होती. नाजूक साखळी आणि छोटे टॉप्स घालून यायची. आजीचं का घालत नाहीस विचारलं तर म्हणाली, मॅडम, ते घातलं की लोक मला जात विचारतात. आणि तेच तू घातलंस की लोक तुला दुकान विचारतात.

लेक : हं.

वन्सं : हं काय?

लेक : बरोबर आहे, म्हणून हं. याला माझ्याकडे उत्तर नाही. घालू नको का मग?

वन्सं : घाल. चांगली दिसते तुला. पण ट्रायबल म्हणून सांगत फिरू नकोस. इकडे दे बघू.

त्यांनी हासळी काढायला लावली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि आतली बाजू उजेडाकडे धरली.

वन्सं : ९२५ चा शिक्का आहे, चांदी खरी आहे. पण ही हाताने ठोकलेली नाही. साच्यातली आहे. हा बघ, दोन्ही टोकांना अगदी एकसारखा खळगा. माणसाच्या हातून दोनदा तोच खळगा पडत नाही. बिल आहे का?

लेक : बॅगेत असेल. थांब. हुपरी, ता. हातकणंगले.

वन्सं : (मोठ्याने हसत) आमच्या शेजारची निघाली की! कोल्हापूरच्या बाईला पुण्याच्या प्रदर्शनात हुपरीचा माल दाखवतेस. अगं, हुपरीत घरोघरी चांदीचं काम. तिथले पैंजण देशभर जातात.

(यानंतर वन्संचा हासळीवरचा राग निवळला. गाववाली निघाली ना.)

वन्सं : आता ते कडं दे. हं. इथे पितळ, इथे तांबं, आणि मधे ही पांढरी रेघ दिसते का? तो डाक. चांदीचा डाक दिलाय. काम नीट आहे, कड घासून गोल केलीय, बोचत नाही. पण एवढं लखलखीत कशाने केलंस?

लेक : रविवारी पितांबरीने घासलं.

वन्सं : तिथेच चुकतेस. हासळी काळवलेली, कडं झगझगीत. म्हणून ते दोन घरचं वाटतं. धातू वेगळे आहेत म्हणून नाही. हासळीचा काळेपणा गंधकाने मुद्दाम आणलेला असतो, तो खाचांत राहतो आणि उंचवटे वापरून उजळतात. त्याच्याशेजारी पितळ असं घासायचंच नाही. घामाने, हवेने त्याचा रंग खाली बसू दे. मग बघ.

लेक : आत्या, तू मला धातू मिसळायला शिकवतेयस.

वन्सं : मी तुला घासायचं शिकवतेय. कुड्या रिठ्याच्या पाण्यात, चांदी कोरड्या मऊ फडक्याने, आणि हे कडं अजिबात नाही. आणि कुड्यांचं काय? सगळं खाली काळंसावळं आणि कानात तेवढंच पिवळं. ते एकटं पडलंय. सोन्याचं अजून एक काहीतरी हवं अंगावर, बारीक का असेना.

लेक : अंगठी घालू?

वन्सं : अंगठी घाल. पण घड्याळाच्या हातात पाटलीबिटली घालू नकोस. ही बघ माझी.

(त्यांनी पाटली फिरवून दाखवली. एका कडेची नक्षी स्वच्छ होती, दुसऱ्या कडेची पुसून नुसता गुळगुळीत पत्रा राहिला होता. नोकरीभर त्याच हातात स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. बावीस कॅरेटचं सोनं मऊ, स्टील कडक, आणि टेबलावर लिहिताना दिवसभर ते एकमेकांवर घासायचं. दुसऱ्यांच्या सोन्याची गुंजभर तूट शोधणाऱ्या बाईच्या स्वतःच्या पाटलीतून तेवढं सोनं कुठे गेलं ते तिने कधी वजन करून पाहिलं नाही.)

लेक : म्हणजे वेगळे धातू एकमेकांना लागू द्यायचे नाहीत.

वन्सं : मऊ आणि कडक एका मनगटात नको. गळ्यात एक, हातात एक, कानात एक, असं असलं तर भांडत नाहीत. आणि ते जर्मन सिल्व्हर घेऊ नकोस. त्यात चांदी नावाला नसते. तांबं, जस्त आणि निकेल. निकेल काहींना सोसत नाही. कॉलेजात खोटे झुमके घालून कान सुजवून घेतले होतेस, आठवतंय?

लेक : आठवतंय. तांब्याने हात हिरवा होतो तोही सांगून टाक.

वन्सं : तो साबणाने जातो. त्याचं काही नाही.

लेक : मला आणखी एक कळलंय, ते सांगू? कुर्ता साधा असेल तरच हे शोभतं. एकदा छापील कुर्त्यावर घातलं तर आरशात नुसती गर्दी. आणि कॉलर असेल तर हासळी नकोच, ती कॉलरवर चढून बसते. मोठं एकच. आज कडं मोठं तर हासळी घरी, असंही करते कधीकधी.

वन्सं : आज नाही केलंस.

लेक : आज तू होतीस ना.

(म्हणजे हे सगळं वन्संसाठीच होतं. मला संशय आलाच होता.)

वन्सं : ते दिवाळीचं काय म्हणाली होतीस तू? नुसत्या कुड्या?

लेक : हो. सणाला सगळ्याच नटतात, तिथे माझं काही अडत नाही. माझे बाकीचे दिवस रिकामे असतात. मीटिंग, डबा, ट्रॅफिक. त्या दिवशी हातात काहीतरी जड असावंसं वाटतं.

वन्सं : ही उलटी गंगा झाली. अगं, सणाचा दागिना सणालाच का? तर वर्षभर वाट बघायला. दसऱ्याला आई कपाटातून पेटी काढायची तेव्हा आम्ही भावंडं आंघोळी करून भोवती बसायचो. तुझा बाप तर साज हातात घेऊन त्यातला मासा कुठला, कासव कुठलं हे शोधत बसायचा. रोज गळ्यात असता तर शोधलं असतं का?

लेक : ती पेटी आता कुठे आहे?

वन्सं : लॉकरमध्ये.

लेक : आणि दसऱ्याला?

वन्सं : (थांबून) दसऱ्याला बँकेला सुट्टी असते.

लेक : आदल्या दिवशी?

वन्सं : कोण जातंय आणायला? परत ठेवायला जा, ती किल्ली, ते रजिस्टर. आणि घरात ठेवायची भीती.

लेक : आजीची ठुशी मी फक्त फोटोत बघितलीय, आत्या. तू जे वाट बघणं म्हणतेस, त्याच्या शेवटी काहीतरी मिळायचं तुम्हाला. आम्हाला नुसती वाटच.

(हे मलाही लागलं. त्या लॉकरचं भाडं आम्ही निम्मं भरतो.)

वन्सं : मग काय, ठुशी देऊ तुला? जीन्सवर घालायला?

लेक : दे. खादीच्या कुर्त्यावर. गोल गळ्याच्या.

वन्सं : आणि बसमधून जाणार?

लेक : मेट्रोने.

वन्सं : नाही.

लेक : बरं, ऑफिसला नाही. रविवारी, नाटकाला. आईबाबांबरोबर, गाडीतून.

वन्सं : तिचा दोरा कुजला असेल. गुजरीत गाठवून घ्यावी लागेल, गोंडाही नवा घालावा लागेल. आणि गाठवणारा समोर बसून गाठवून देत असेल तरच. ठेवून यायचं नाही.

लेक : मी येते तुझ्याबरोबर कोल्हापूरला. बसते समोर.

वन्सं : मी देते म्हटलेलं नाही अजून. आणि त्या हासळीबरोबर घालणार असशील तर आत्ताच सांग, म्हणजे लॉकर उघडायचा त्रास वाचेल.

लेक : हासळीबरोबर कशी घालीन? गळा एकच आहे. कड्याबरोबर.

वन्सं : ह्या? पितळेच्या?

लेक : ह्याच.

वन्सं : घासून की न घासता?